काळाचा घाला नव्हे!

जानेवारी महिना सोलापूरकरांच्या दृष्टीने अनेक अर्थांनी महत्त्वाचा असतो. १२ तारखेस नगर आपल्या चार हुतात्म्यांचे स्मरण करते. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांच्या यात्रेने होम मैदान गजबजून जाते. जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गाळप ऐन भरात असते आणि उसाने ओथंबलेल्या ट्रॉल्यांची रांग रात्रंदिवस रस्त्यांवरून सरकत असते. याच महिन्यात सरकारी रिवाजाप्रमाणे रस्ता सुरक्षा अभियानही साजरे होते. ‘साजरे होते’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. चौकाचौकांत फलक लागतात, शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, शिरस्त्राण न घालणाऱ्यास गुलाबाचे फूल देऊन लाजविण्याचा प्रयोग होतो, व्याख्याने होतात, शपथा घेतल्या जातात आणि छायाचित्रे आमच्यासारख्या दैनिकांकडे रवाना होतात. पुढे फेब्रुवारी उजाडतो. फलक वाऱ्याने फाटतात, फुले कोमेजतात आणि सात रस्त्यावर पहिल्याप्रमाणेच लाल दिव्यास वळसा घालून वाहने पुढे पळू लागतात. इतक्या शपथा घेऊनही हे असे का होते, या प्रश्नाचा एकदा साकल्याने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्नाचे स्वरूप किती भयंकर आहे हे आकड्यांवरून ध्यानी येईल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात घडले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे प्राणांस मुकली. म्हणजे दररोज सुमारे ४६० माणसे सकाळी घराबाहेर पडली ती परतलीच नाहीत. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५ हजार २२४ जण दगावले. दिवसाला ४० हून अधिक. मृतांतील दर १०० माणसांत ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. ज्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते अशा मृतांची संख्या ५० हजार २९, आणि ज्यांनी आसनपट्टा बांधला नव्हता अशांची १६ हजार ७१५. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एकंदर मृतांचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या वर गेला. एखाद्या साथीने एवढी माणसे नेली असती तर विधिमंडळे दणाणून गेली असती. रस्त्यावरच्या मरणाची मात्र आपल्याला सवय झाली आहे, आणि आमच्या मते मूळ रोग ही सवय होय.

या सर्व अभियानांमागे एक गृहीतक असते. लोकांस नियम ठाऊक नाहीत म्हणून ते मोडतात. सबब नियम समजावून सांगितले की काम भागले. हे गृहीतक ऐकावयास सोयीचे आहे, कारण ते मान्य केले की फलक लावण्यापलीकडे कोणाकडेच काही काम उरत नाही. पण ते खरे आहे काय? कोणीही सायंकाळी ७ वाजता एखाद्या चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. लाल दिवा लागलेला असताना निघू पाहणारा दुचाकीस्वार प्रथम डावीउजवीकडे नजर टाकतो. ती नजर समोरून येणाऱ्या वाहनाचा अंदाज घेत नसते, हवालदार कोठे उभा आहे याचा शोध घेत असते. शिरस्त्राण कोपरात अडकवलेला तरुण नाका जवळ आला की ते डोक्यावर चढवितो आणि नाका ओलांडताच पुन्हा कोपरात अडकवितो. मोटार चालविणारे सद्गृहस्थ टोलनाक्यापाशी आसनपट्टा छातीवर ओढून धरतात. बांधत नाहीत, नुसता धरतात! क्रमांकाच्या पाटीवर हात ठेवून बसलेला मागचा स्वार तर आता नित्याचे दृश्य झाला आहे. ही सारी माणसे नियम जाणत नाहीत असे कोण म्हणेल? अज्ञान कधी चोरून वागत नसते. जो चोरून वागतो त्यास नियम पुरेपूर ठाऊक असतो.

आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. त्या काळचा एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. ‘शिस्तीचे महत्त्व’ या विषयावर सुरेख निबंध लिहून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा मधल्या सुटीची घंटा होताच बाकावरून उडी मारून, दोघांना ढकलून, सर्वांआधी पाण्याच्या नळापाशी पोहोचत असे. निबंध खोटा नव्हता आणि मुलगाही वाईट नव्हता. त्यास नियम पाठ होता, पण तो अंगवळणी पडलेला नव्हता. काही दिवसांनी आमच्या ध्यानात आले की ज्या वर्गाचे शिक्षक स्वतः नळापाशी रांगेत उभे राहत, त्या वर्गाची रांग कोणी न सांगता लागे. जेथे मास्तरांसाठी वेगळा पेला आणि वेगळी वाट होती, तेथे छडी उगारूनही रांग टिकत नसे. पाठ होणे आणि अंगवळणी पडणे यांतले अंतर व्याख्यानाने तुटत नाही. ते नित्याच्या अनुभवाने तुटते. मग रस्त्यावरचा नित्याचा अनुभव आपल्या वाहनचालकांस काय शिकवितो, हेच पाहिले पाहिजे.

तो पहिली गोष्ट शिकवितो ती ही की, ‘काही होत नाही’. नियम मोडून सुखरूप घरी पोहोचलेला माणूस त्या दिवशी एक धडा घेऊन घरी जातो. शंभरदा मोडूनही काही झाले नाही, की तो धडा सिद्धांत होऊन बसतो. एकशेएकाव्या खेपेस जे घडते ते सांगण्यास तो अनेकदा उरत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन दंड अनेक पटींनी वाढले. परवान्यावाचून वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५ हजारांवर गेला. महाराष्ट्राने ही वाढीव दंडाची तरतूद लोकक्षोभाच्या भीतीने बराच काळ रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती अमलात आणली. पण दंड वाढल्याने धाक वाढला काय? ज्या शिक्षेची खात्री नसते ती कितीही मोठी असली तरी तिचा धाक लॉटरीच्या बक्षिसाच्या आशेएवढाच असतो. आपल्यालाच लागेल असे कोणाला वाटत नाही. उलट ५० रुपयांचा दंड हटकून होणार असेल तर माणूस रोज त्यासाठी खिशात हात घालणार नाही. आता चौकातील कॅमेरे चलान धाडतात खरे. परंतु राज्यात अशा चलानांची कोट्यवधी रुपयांची रक्कम थकलेली आहे, आणि लोकअदालतीत तडजोड होईल या भरवशावर माणसे चलानांकडे वीजबिलाइतकेही लक्ष देत नाहीत. जो दंड वसूलच होत नाही तो जरब बसविण्याऐवजी कायद्याचे हसे करतो. आणि जेथे हवालदार प्रत्यक्ष उभा असतो तेथेही पावती फाडावयाची की ‘मिटवून टाकावयाचे’ हा प्रश्न रस्त्याच्या कडेला कुजबुजीत सुटत असेल, तर नियमाची अब्रू तेथेच गेली असे समजावे.

दुसरा शिक्षक म्हणजे खुद्द रस्ता. सोलापूर हे मोठ्या मार्गांच्या संगमावर वसलेले शहर आहे. पुण्याहून हैदराबादेस जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग, विजापूर आणि तुळजापूर या दोन दिशांना जोडणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग आणि रत्नागिरीहून मंगळवेढ्यामार्गे येणारा १६६ क्रमांकाचा महामार्ग येथे एकत्र येतात. दूरच्या प्रांतांची अवजड वाहने आणि नव्या पेठेत साडी घ्यावयास निघालेले कुटुंब यांची गाठ या शहरात पडते. अशा शहराचे रस्ते कसे असावयास हवेत आणि कसे आहेत? पादचाऱ्यांसाठी आखलेले पांढरे पट्टे पुष्कळ ठिकाणी पावसाळ्याबरोबर वाहून गेले आहेत. पदपथावर दुकाने आली, दुकानांपुढे गाड्या आल्या. सबब पादचारी रस्त्यावर आला. कोंतम चौकापासून मंगळवार पेठेपर्यंत पायी जाऊन पाहावे म्हणजे आम्ही अतिशयोक्ती करीत नाही याची खात्री पटेल. दुभाजक घातला, पण त्यातील वाट अशा जागी ठेवली की समोरच्या गल्लीत जावयास मोठा फेरा पडावा. मग माणूस शंभर पावले उलट दिशेने जातो. बंद पडलेला दिवा, झाडाच्या फांदीआड दडलेला फलक, काल नव्हता आणि आज उगवला असा गतिरोधक, ही सारी त्याला एकच गोष्ट सांगत असतात की हा रस्ता ज्यांनी केला त्यांनी तुझा विचार केलेला नाही. ज्यास आपला विचार झाला नाही असे वाटते तो रस्त्याचाही विचार करीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्याच्या सदोष रचनेमुळे जीव गेल्यास ती रचना करणाऱ्यांस व ठेकेदारांस १ लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरविले आहे. या कलमाचा उच्चार सुरक्षा अभियानाच्या व्यासपीठावरून होताना आम्ही तरी ऐकलेला नाही.

तिसरे कारण नाजूक आहे, कारण त्याचा संबंध पोटाशी आणि घराशी येतो. अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा एका रिक्षात किती माणसे बसलेली असतात हे सर्वांस दिसते. परंतु त्या वेळी त्या रस्त्यावर बस किती असतात हे कोणी विचारीत नाही. महापालिकेची बससेवा वर्षानुवर्षे खंगत गेली आणि तिची जागा दुचाक्यांनी घेतली. त्या दुचाक्यांवर मोठी माणसे तर आहेतच, पण पंधरा वर्षांची मुलेही आहेत. शाळा एका टोकाला, शिकवणीचा वर्ग दुसऱ्या टोकाला, बाप कामावर आणि आई स्वयंपाकघरात. मग आईच ओढणीला हात पुसत स्कूटरची किल्ली मुलाच्या हाती देते आणि ‘हळू जा रे बाळा’ असे बजावते. या माउलीस आम्ही गुन्हेगार म्हणावे काय? कायदा म्हणतो. अल्पवयीनाने अपराध केल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद २०१९ पासून आहे. ती कठोर असली तरी अन्यायाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण त्या स्कूटरच्या पुढे चालणाऱ्या विडी कामगार स्त्रीच्या घरीही मुले आहेत आणि तिने कोणाच्याही हाती किल्ली दिलेली नाही. तथापि कायद्याइतकेच हेही खरे की, त्या मुलास वर्गापर्यंत नेणारी बस वेळेवर आली असती तर किल्ली खुंटीवरच राहिली असती.

ग्रामीण भागात हाच प्रश्न उसाच्या ट्रॉलीच्या रूपाने उभा राहतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि पुढे कर्णकर्कश गाणी. मागून येणाऱ्याच्या हाकेला जागा नाही आणि त्याच्या दिव्याला दिसेल अशी खूण नाही. अंधारात अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला बंद पडून उभी राहिली तर ती भिंतीसारखी असते, आणि जी भिंत दिसत नाही तिच्यावर माणूस आदळणारच. आता या चालकाने नियम का मोडला? त्याची मजुरी खेपेवर अवलंबून असते. तोडलेला ऊस वाळू लागला की वजन घटते. ट्रॉली मालकाने उचल घेतलेली असते. दिवा लावण्याचा खर्च थोडा आहे, पण तो कोणी करावयाचा याचे उत्तर चालक, मालक, वाहतूक ठेकेदार आणि कारखाना या चौघांत फिरत राहते आणि तोवर हंगाम संपतो. आरटीओची माणसे कोठे कोठे पुरी पडणार? परंतु जिल्ह्यातील प्रत्येक ट्रॉलीस एका जागेवरून जावेच लागते, आणि ती जागा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. ज्या ट्रॉलीस मागे चकाकत्या पट्ट्या आणि दिवा नाही तिचे वजनच करावयाचे नाही, एवढा एक निर्णय कारखान्यांच्या संचालकांनी मनापासून घेतला आणि पाळला, तर जे काम शंभर हवालदारांस होणार नाही ते काट्यावरचा एक कारकून करील. राज्यात ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या सर्वांत मोठी आहे त्या जिल्ह्याने हा धडा इतरांस घालून द्यावा.

चौथ्या कारणाबद्दल आपण उघड बोलत नाही. आपल्याकडे नियम पाळणे हे सामान्यपणाचे आणि तो मोडून सुटणे हे मोठेपणाचे लक्षण मानले जाते. गाडी अडविली की खिशातून कागदपत्रांआधी दूरध्वनी निघतो. क्रमांकाच्या आकड्यांस वाकवून त्यांतून ‘दादा’ वाचता येईल अशी पाटी लावणारा तरुण हेच सांगत असतो की, मी आकड्यांत मावणारा नव्हे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फेरीत शेकडो उघड्या डोक्यांची मिरवणूक निघते आणि बंदोबस्तास असलेले पोलीसच तिला वाट करून देतात. जो पुढारी सकाळी सुरक्षा अभियानाचे उद्घाटन करतो त्याच्याच स्वागताची ही फेरी असू शकते! लोक भाषण ऐकतात, पण शिकतात ते फेरीपासून. नळापाशी मास्तरांची वाट वेगळी असली की रांग टिकत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

येथे कोणी सोलापूरच्या बाण्याची साक्ष काढील. हे शहर कायद्यापुढे मान तुकविणारे नव्हे, १९३० मध्ये याच शहराने इंग्रज सत्तेचा कायदा झुगारला, असे अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान आमचाही आहे. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, राष्ट्रध्वज मिरविणे हा गुन्हा ठरला आणि तो गुन्हा माणसांनी डोळे उघडे ठेवून केला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्यांचे पुतळे ज्या चौकात उभे आहेत तेथेच लाल दिवा डावलून वाहने पळतात हे पाहून आमच्या मनास काय वाटत असेल ते वाचकांनी जाणावे. सत्याग्रही कायदा मोडीत असे तो दिवसाढवळ्या, सर्वांदेखत, अन्यायी म्हणून. आणि शिक्षा भोगावयास तो स्वतः पुढे होत असे. आपण कायदा मोडतो तो हवालदाराची पाठ पाहून, न्याय्य आहे हे ठाऊक असताना, आणि शिक्षा चुकविण्यासाठी. त्यांनी दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव दिला. आपण दोन मिनिटांसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. या दोहोंस एकाच ‘बाण्या’त बसविणे हा हुतात्म्यांचा उपमर्द आहे.

आणि आमची माणसे मुळातच बेशिस्त आहेत, हे म्हणणे तरी खरे आहे काय? मुळीच नाही. संक्रांतीस सात नंदीध्वज निघतात. त्या उंच, जड काठ्या पेलून भक्तगण ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. पहिल्या मानाच्या काठीपासून सातव्या काठीपर्यंत प्रत्येकीचे स्थान ठरलेले आहे, आणि मागच्या काठीने पुढचीस ओलांडल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. तेथे ना लाल दिवा असतो ना कॅमेरा. कोजागरी पौर्णिमेस सोलापूरहून तुळजापूरची वाट माणसांनी फुलून जाते, त्या रस्त्यावरील वाहने अन्य मार्गांनी वळविली जातात आणि अफाट जनसमुदाय रात्रभर चालून भवानीच्या पायांशी पोहोचतो. म्हणजे लोक नियम पाळू शकतात आणि प्रशासन रस्ता मोकळा ठेवू शकते. फक्त तो नियम आपला आहे असे लोकांस वाटावे लागते आणि तो रस्ता आपली जबाबदारी आहे असे प्रशासनास वाटावे लागते.

बाहेरच्या जगाचा अनुभवही हेच सांगतो. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सबंध देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूस नेण्यात आली. त्यासाठी आधी मोठी लोकशिक्षणाची मोहीम झाली होती. प्रारंभी सर्वजण सावध असल्याने अपघात घटले. परंतु नवेपणाची सावधगिरी ओसरली तसे ते दोनेक वर्षांत पूर्वीच्या पातळीवर आले. केवळ जागृतीचे आयुष्य किती अल्प असते याचा याहून चांगला पुरावा नाही. तो देश तेथेच थांबला नाही. १९९७ मध्ये त्याच्या संसदेने असे धोरण स्वीकारले की माणूस चुकणारच. तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशा रीतीने रस्ते बांधले पाहिजेत. शिरस्त्राणाची कथा याहून जुनी आहे. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध इंग्रज मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या जखमेने मरण पावला. त्याच्या उपचारांत सहभागी असलेले मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी त्यानंतर सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यात शिरस्त्राण सक्तीचे झाले. एका मरणातून हजारोंचे रक्षण झाले, कारण कोणीतरी त्या मरणास दैव न म्हणता त्याचे कारण शोधले.

यावरून आम्हांस आमच्याच घरातील एक दोष सांगणे भाग आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सायंकाळी आपल्याच जिल्ह्यात, सांगोला तालुक्यातील जुनोनी येथे, कार्तिकीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरीकडे पायी निघालेल्या दिंडीत पाठीमागून मोटार घुसली आणि ७ वारकऱ्यांना प्राणांस मुकावे लागले. कोणाचा दोष किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर आम्ही बोलत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते शब्दांविषयी. अशा प्रसंगी मराठी वृत्तपत्रांत एक शब्दप्रयोग ठरल्यासारखा येतो: ‘काळाचा घाला’. आमच्याही स्तंभांत तो वर्षानुवर्षे येत राहिला आहे. जुळणाऱ्याचे बोट सवयीने तेथे जाते आणि संपादकाची नजर सवयीने पुढे सरकते. पण काळाने घाला घातला असे लिहिले की वेगाने घाला घातला, अंधाराने घातला, रुंदी नसलेल्या रस्त्याने घातला, दिवा नसलेल्या ट्रॉलीने घातला, की चालकाच्या पेल्याने घातला, हे विचारण्याची गरज उरत नाही. काळास दंड करता येत नाही आणि त्याचा परवानाही रद्द होत नाही. म्हणून सर्वांसच तो सोयीचा आरोपी वाटतो.

तेव्हा उपाय काय? आम्ही मोठ्या योजना मागत नाही. पाच साध्या गोष्टी मागतो. पहिली ही की शहरातील एकच चौक निवडावा, म्हणजे सात रस्ता घ्या, आणि तेथे १०० दिवस एकही उल्लंघन, मग ते कोणाचेही असो, दंडावाचून सुटू देऊ नये. एका चौकात नियम खरा ठरला की तो दुसऱ्या चौकात शिकविणे सोपे जाते. दुसरी अशी की दंडाची पहिली वसुली शासकीय वाहने, पोलिसांची स्वतःची वाहने आणि लोकप्रतिनिधींची वाहने यांच्या थकलेल्या चलानांपासून व्हावी. तिसरी, पुढचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी वजनकाट्याचा वर सांगितलेला निर्णय जिल्हा प्रशासनाने सर्व कारखान्यांकडून लेखी घ्यावा. चौथी, जेथे माणसे मरतात त्या जागांची यादी महापालिकेने व महामार्ग खात्याने दरमहा प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक जागेपुढे दुरुस्तीची तारीख लिहावी. पाचवी, शाळा आणि शिकवणीवर्ग यांनी परवाना नसलेल्या मुलाचे वाहन आपल्या आवारात घेऊ नये, आणि त्याच वेळी महापालिकेने त्या वेळांच्या बस प्राधान्याने सोडाव्यात. सक्ती आणि सोय या दोन बैलांनीच ही गाडी चालेल; एकाच बैलाने ती गोल फिरत राहील.

नागरिकांसाठीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसास उचलण्यास लोक भितात. पोलीस मागे लागतील, साक्षीस खेटे घालावे लागतील असे त्यांस वाटते. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांस बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. जखमीस रुग्णालयात पोहोचवून नाव न सांगताही निघून जाता येते. शिरस्त्राणाच्या फलकाइतकाच मोठा फलक या कलमाचा लावावा.

आणि आमचे काय? कचेरीतून रात्री उशिरा घरी जाताना दुभाजकाचा फेरा चुकविण्यासाठी प्रस्तुत लेखकानेही शंभर पावले उलट दिशेने गाडी घातलेली आहे, आणि ‘काही झाले नाही’ म्हणून ती गोष्ट विसरूनही गेला आहे. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी ही कबुली देणे आम्ही कर्तव्य समजतो. यापुढे तो फेरा आम्ही घालू. त्यास तीन मिनिटे अधिक लागतात. याखेरीज वृत्तपत्र म्हणून आम्ही एक गोष्ट ठरविली आहे. आजपासून या दैनिकात रस्त्यावरील मृत्यूची बातमी देताना ‘काळाचा घाला’ हे शब्द छापले जाणार नाहीत. त्याऐवजी जागा कोणती, तेथे उजेड होता काय, वाहनाला दिवा होता काय, डोक्यावर शिरस्त्राण होते काय, आणि त्याच जागी यापूर्वी कोणी गेले होते काय, एवढे पाच प्रश्न आमचा प्रत्येक वार्ताहर विचारील आणि मिळेल ते उत्तर छापील. पोलीस ठाण्यांनी आणि खात्यांनी त्यास सहकार्य करावे ही विनंती आहे. एक महिन्याचे अभियान संपेल तेव्हा संपो. आमचे प्रश्न फेब्रुवारीतही चालू राहतील.